मोजणीत उभा असलेला सखाराम

“अब्बा गेले, मास्तर,” एवढंच इब्राहीमभाईंची नजमा फोनवर म्हणाली... त्याला आता महिना होईल. मांडवीत इब्राहीमभाई माझे शेजारी. सगळी नोकरी त्यांनी घाटावरच्या एका तुरुंगात कारकून म्हणून काढली. आत आलेल्या प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरची खूण लिहायची, क्रमांक द्यायचा, कोर्टाचे कागद ज्याच्या त्याच्या फाइलीत लावायचे, हे त्यांचं काम. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले.

देवरूखकडचा सखाराम खटला सुरू व्हायची वाट पाहत आत होता. दुसऱ्या बराकीत त्याच नावाचा आणखी एक कैदी, बापाचं नावही तेच. देवरूखच्या सखारामला जामीन झाला, आणि तो आदेश इब्राहीमभाईंनी दुसऱ्याच्या फाइलीत लावला. त्या दुसऱ्यावर आणखी गुन्हे होते, त्यामुळे तोही सुटला नाही आणि चूकही उघडी पडली नाही. सखारामचा वकील फिरकला नाही. सात महिने गेले. सकाळ-संध्याकाळ मोजणी व्हायची, आकडा बरोबर यायचा.

“पळालेल्याला शोधतात, मास्तर,” इब्राहीमभाई म्हणाले, “जागेवर असलेल्याला कोण शोधणार?”

शेवटी तो कागद त्यांच्याच हाती लागला. गुपचूप दाबता आला असता. त्यांनी स्वतःच्या सहीने चूक लिहून दिली. निलंबन झालं, बढती गेली ती गेलीच. सखारामला घरी पोचवायला ते स्वतः एसटीने गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, आई गणपतीनंतर वारली, तुरुंगात कळवलं होतं... ते पत्रही दुसऱ्या सखारामलाच दिलं गेलं होतं.

सखाराम रागावला नाही. “मी तर रोज मोजनीला हुबा व्हतो, सायेब,” एवढंच म्हणाला.

परवा मी त्याला बातमी सांगायला गेलो. आता तोही थकलाय. त्याच्याकडून कळलं, इब्राहीमभाई दर वर्षी यायचे, दारातल्या पायरीवर घटकाभर बसायचे. आत बोलावलं तरी कधी गेले नाहीत. मला हे ठाऊकच नव्हतं.

“त्येंचं पुरं नाव काय व्हतं?” त्याने विचारलं. “मी सायेबच म्हनायचो.”

“इब्राहीम हसन मुकादम.”

त्याने ते दोनदा, सावकाश म्हटलं... आणि पायरी मोकळी सोडून खाली दारापुढच्या खळ्यातच बसला.