ओपीडीत आलेला कणकेचा डबा

“मॅडम, ते उडी मारते.”

सुनंदाताई तपासणीच्या टेबलावर बसून सांगत होत्या आणि मी त्यांच्या फाईलमधले फोटो बघत होते. फोटो सुरेख होते. दोन्ही बाजू सारख्या, टाक्याची रेघ बारीक. यातले दोन मी एका कॉन्फरन्सच्या स्लाइडमध्ये आधीच टाकून ठेवले होते, हे कबूल करून टाकते.

“काय उडी मारतं?”

“हेच की. तुमी बसवलं ते. हात चालवला का पार गळ्याकडे चढते. मंग असं ओढते का हात खालीच सोडावा लागते.”

“बसेल हळूहळू. थोडा वेळ द्या.”

“मागच्या खेपेलेही तुमी हेच म्हटलं.”

म्हटलं होतं. त्याच्या मागच्या खेपेलाही म्हटलं होतं.

मी प्लास्टिक सर्जन आहे. नाव ऐकलं की लोकांना नटनट्यांची नाकं आठवतात. माझा नागपुरातला बराचसा वेळ मात्र भाजलेल्यांमध्ये, अपघातवाल्यांमध्ये आणि कॅन्सरमुळे स्तन काढावा लागलेल्या बायकांमध्ये जातो. सुनंदाताई या तिसऱ्या गटातल्या. हुडकेश्वरला राहतात, वय शेहेचाळीस. कॅन्सर सर्जननं उजवा स्तन काढला आणि त्याच टेबलावर मी माझं काम सुरू केलं.

ते काम थोडं समजावून सांगते. छातीवर, कातडीच्या खाली, एक मोठा रुंद स्नायू असतो. त्याचं एक टोक दंडाला आणि दुसरं टोक बरगड्यांना. इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉनची मऊ गादी, या स्नायूच्या खाली ठेवायची की वर, हा आमच्यातला जुना वाद. खाली ठेवायची तर स्नायूचं बरगड्यांकडचं टोक थोडं सोडवावं लागतं, पण त्याचं पांघरूण मिळतं, कडा दिसत नाहीत. वर ठेवली तर स्नायू शाबूत राहतो, पण कातडी पातळ असेल तर कडा आणि चुण्या दिसतात. मी ‘खाली’वाली. शिकले तसं, हात बसला तसा.

आधी स्नायूखाली एक रिकामी पिशवी ठेवतात. दर आठवड्याला तिच्यात सुईनं थोडं थोडं सलाइन भरून जागा वाढवायची, आणि मग पिशवी काढून कायमचं इम्प्लांट. ही भरण्याची पाळी सुनंदाताईंना जड गेली. “छातीवर वीट ठेवल्यावानी वाटते,” म्हणायच्या. मी सांगायचे, जाईल. ते गेलंही. त्यामुळे इम्प्लांट बसल्यावर नवी तक्रार आली, तेव्हा मी जुनंच उत्तर दिलं. आळस म्हणा, गर्व म्हणा. दोन्ही होतं.

तपासलं नाही असं नाही. हात वर करा, बाजूला करा, कमरेवर दाबा, हा आमचा ठरलेला क्रम. कमरेवर दाबलं की स्नायू आवळतो आणि इम्प्लांट थोडं हलतं. त्यांचंही हललं. मी ‘किंचित हालचाल’ असं लिहून मोकळी झाले.

आमच्या डिपार्टमेंटच्या हेडना विचारलं. त्यांना आम्ही मोठे सर म्हणतो.

“फोटो बघ ना,” सर म्हणाले. “इतका चांगला रिझल्ट! मन स्वीकारायला वेळ घेतं. काउन्सेलरकडे पाठव.”

सरांचं म्हणणं सुनंदाताईंना सांगून पाठवलं. काउन्सेलर मुलगी हुशार निघाली. तिनं फाईलवर दोनच ओळी लिहिल्या: ‘स्वीकाराचा प्रश्न नाही. पेशंटला कामावर परतायचं आहे.’

मी पान उलटून बघितलं. व्यवसायाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘गृहिणी’ लिहिलेलं होतं. मग कामावर म्हणजे कुठे?

पुढच्या मंगळवारी सुनंदाताई आल्या त्या जावेला, शोभाताईंना, बरोबर घेऊन. शोभाताईंच्या हातात फडक्यात बांधलेला मोठा स्टीलचा डबा. मला वाटलं, काहीतरी खायला आणलंय. मनातल्या मनात खूशही झाले.

डब्यात भिजवलेली कणीक होती. सैल, चकाकणारी, उचलली तर बोटांमधून ओघळणारी. नागपूरकराला ती ओळखायला क्षणही लागत नाही. लांब रोटीची कणीक. ही रोटी लाटत नाहीत. गोळा या हातावरून त्या हातावर फेकत, कोपरापर्यंत ताणत, ओढणीसारखा पातळ करतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर पसरतात. लग्नांमध्ये मी ती लहानपणापासून खात आले आहे. ती कुणाच्या तरी खांद्यांच्या जोरावर होते, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता, आणि मी तर खांद्या-छातीची डॉक्टर.

“हे तुम्ही करता?”

“वीस वर्षं झाले.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं, घरीच असता ना? मी म्हटलं हो. चूल तं घरीच आहे, मॅडम.”

तोंडात मारल्यासारखं झालं. उत्तर मी प्रश्नातच घालून दिलं होतं.

आता शोभाताई बोलल्या. “इचा हात बंद झाला तवापासून मी ताणून राहिली. माह्या रोट्या फाटतात. माहं काम मडक्यावरचं. लोकं आता दुसऱ्याले बोलवून राहिले.”

“लग्नं येऊन राहिले,” सुनंदाताई म्हणाल्या. “या सीझनले मी नाही बसली तं आपलं नाव गेलं समजा. म्हणून कणीकच आणली. तोंडानं सांगून तुमाले समजून नाही राहिलं.” मग पदर सावरत म्हणाल्या, “मोठ्या सरालेबी बोलवा. मनाचे खेळ म्हणत होते ना!”

सर आले. आमच्या ओपीडीच्या कमल सिस्टरनं पडदा ओढला. सुनंदाताईंनी साडी बदलून तपासणीचा गाऊन घातला, तो खांद्यावरून उतरवला, डब्यात हात घातला आणि गोळा फेकायला सुरुवात केली.

पहिल्याच फेकीला इम्प्लांट वर चढलं. चपटं होऊन गळ्याच्या हाडाकडे सरकलं, खालच्या बाजूला खोल खड्डा पडला, आणि हात सैल होताच सगळं धपकन खाली. दुसरी फेक, पुन्हा तेच. बाई थांबल्या नाहीत. दात आवळले, कपाळावर घाम आला, पण रोटी कोपरापर्यंत आणूनच सोडली. मला बघवत नव्हतं, पण मान वळवायचा अधिकार मला नव्हता. कमरेवर हात दाबून मी जे ‘किंचित’ लिहिलं होतं, ते हे होतं.

“एका रोटीला अशा किती फेका?” सरांनी विचारलं.

“वीस-पंचवीस.”

“आणि बसता किती वेळ?”

“ऑर्डर मोठा असला तं दुपारपासून सांजेलोक.”

सरांनी फाईल मिटली. मग म्हणाले, “बाई, तुमचं बरोबर होतं. आमचं चुकलं.” सरांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“ते ठीक आहे सर, पण इले आता कुठी टाकू?” दोन्ही हातांवर रोटी लोंबत होती आणि मडकं हुडकेश्वरला. शेवटी कमल सिस्टरनं ड्रेसिंगचा ट्रे पुढे केला.

हात धुऊन झाल्यावर मी त्यांना समोर बसवलं.

“तीन रस्ते आहेत. आहे तसं ठेवायचं आणि हे काम सोडायचं.”

“तो तं बोलूच नका.”

“दुसरा, इम्प्लांट काढून टाकायचं. छाती सपाट राहील, हात सगळ्यात मोकळा. कितीतरी बायका तसं ठरवतात आणि मजेत राहतात. तिसरा, इम्प्लांट स्नायूच्या वर आणायचं आणि स्नायू परत बरगड्यांना शिवायचा. पण तुमची कातडी पातळ आहे. चुण्या दिसतील. इम्प्लांट कदाचित लहान घालावं लागेल, मग दोन्ही बाजू सारख्या दिसणार नाहीत. जखम बिघडली तर तेही काढावं लागेल.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“ब्लाउज घालून आरशापुढे उभी राहते तवा मले बरं वाटते, मॅडम. ते नाही सोडत. अन् हातही नाही सोडत. मले दोन्ही पाह्यजे.”

“दोन्हीची गॅरंटी नाही देता येत.”

“गॅरंटी कोण मागून राहिलं? तुमी कोशिश करा.”

मी ठरवलं, आता ही बाई पुन्हा परातीपुढे बसेपर्यंत फाईल बंद करायची नाही.

ऑपरेशन सोपं नव्हतं. जुन्याच रेघेवरून आत गेले. स्नायू कातडीला आतून घट्ट चिकटला होता. तो सोडवताना कातडीला भोक पडलं असतं तर सगळंच संपलं असतं. तासभर फक्त तेवढंच केलं. मग कळलं की स्नायू आखडलाय. खालची कड बरगडीपर्यंत पोचेना, बोटभर कमी. ओढून शिवला असता तर पहिल्याच रोटीला टाके सुटले असते. म्हणून बाजूनं थोडं थोडं मोकळं करत तो खाली आणला आणि एकेक टाका घातला. भूलतज्ज्ञ घड्याळ बघत होते. मी बघितलं नाही.

वर आधाराला जाळी लावून आधीच्याच मापाचं इम्प्लांट ठेवलं, तर कातडीची कड निळसर पडली. ताण जास्त होता. ते काढून लहान घातलं. हळूहळू रंग परतला. माझ्या स्लाइडमधला सारखेपणा तिथेच गेला आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

जखम भरायला वेळ लागला. सहा आठवडे कणकेला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. शोभाताईंनी पहारा दिला. मग फिजिओथेरपिस्टनं आधी रिकाम्या हातांनी फेकायला लावलं, मग लिंबाएवढ्या गोळ्यानं. एक इशारा मी पुन्हा पुन्हा दिला: ऑपरेशन झालेल्या कातडीला चटका कळत नाही. चुलीसमोर बसलात तर भाजल्यावरच समजेल. त्यावर त्यांनी जुन्या जीन्सचा दुपदरी एप्रन शिवला. तो दाखवायलाही ओपीडीत आल्या.

सीझन सुरू झाला तेव्हा मी स्वतःच हुडकेश्वरला गेले. अंगणात चूल, वर मडकं, शोभाताई मडक्यापाशी आणि सुनंदाताई एप्रन घालून परातीपुढे. समोर एका लग्नाच्या रोट्यांची चळत वाढत होती. हात अखंड चालू होते. मी एप्रनकडे टक लावून बघत होते. काही उडी मारत नव्हतं.

“बसा मॅडम. वाकली का वरून चुन्या दिसतात थोड्या. दिसू द्या.”

“आणि दुखतं?”

“दुखते ना. शंभराव्या रोटीले दुखते.”

मी खाडकन उभी राहिले. “कुठे? टाक्यापाशी? ओढल्यासारखं?”

“बसा हो, मॅडम. दोन्ही खांदे दुखतात. कॅन्सरच्या आधीही शंभराव्या रोटीलेच दुखत होते.”

शोभाताई हसल्या. मला हसू आलं आणि डोळेही भरले. धुराचं निमित्त हाताशी होतं, ते मी वापरलं.

कॉन्फरन्समध्ये आता मी ते सुरेख फोटो दाखवत नाही. सुनंदाताईंच्या परवानगीनं त्यांच्या अंगणात काढलेला रोटीचा व्हिडिओ दाखवते. आणि आमच्या फॉर्मवरचा व्यवसायाचा रकाना मी काढून टाकला. त्याजागी छापलंय: ‘हातांनी कोणतं काम करता? करून दाखवा.’ ओपीडीतल्या प्रतीवर त्याखाली कमल सिस्टरनं पेननं भर घातली आहे: ‘कणीक असल्यास परात सोबत आणावी.’