आरोपीला एकही वाक्य नाही

नाटकवाल्यांचे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आम्ही संतपूरच्या हौशी मंडळींनी एक शोकांतिका बसवली, आणि नाटकापेक्षा तिचे किस्सेच जास्त गाजले. मी ते हसत सांगतो खरा, पण शेवटी शेवटी हसू येत नाही.

नाटक माझंच. दुष्काळात पाटील कायदा करतो, तळ्याचं दार उघडून पाणी सोडेल तो गावाबाहेर. दार उघडते त्याचीच पोरगी, कारण शेजारच्या गावाची जनावरं तहानेनं मरत असतात. पाटील तिला हाकलतो आणि ती वाटेत उन्हानं मरते. लिहून झाल्यावर मी स्वतःवर बेहद्द खूश होतो!

*

पोरीचं काम रत्नमालाकडे होतं. शाळेत शिकवायची, जयंतीच्या स्टेजवर भाषण करायला उभी राहिली की मागच्या रांगेपर्यंत शांतता. पहिल्याच तालमीत तिनं वही चाळली.

"सर, निवाड्याच्या सीनमध्ये मला एकपण डायलॉग न्हाई?"

"तू आरोपी हाईस. गप्प राहण्यातच इफेक्ट हाय!"

"मग माझ्या बाजूनं कोण बोलायचं?"

"म्युझिक!"

सगळे खो खो हसले. तीही हसली, पण जरा उशिरा.

*

निर्णा गावातला प्रयोग. पाटील झालेले शिवाअण्णा एरवी तुरीचे व्यापारी, पण स्टेजवर आवाज असा की पडदा हलावा. त्यांनी शिक्षा सुनावली आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी ताडकन उठली.

"आरं, तिनं दार कामून उघडलं, इचारलास का पोरीला?"

अण्णांनी तिथल्या तिथे हात जोडले. "अक्का, नाटकात तसं लिहिलं न्हाई!"

ऐन शोकांतिकेत हशा! मी विंगेत दात-ओठ खात उभा.

*

आळंदला प्रयोगानंतर कोर्टातले एक रिटायर्ड कारकून चहा घेता घेता म्हणाले, "निकाल बरोबर हाय. प्रोसिजर चुकली. पोरीला नोटीस कुठं दिलाव?"

मला हसू आवरेना. परतताना जीपमध्ये अण्णा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "सर, कोर्टाचा माणूस अन् निर्ण्याची म्हातारी, दोघं एकच बोलायलेत."

"अण्णा, ही ट्रॅजेडी हाय, ग्रामसभा न्हाई!" मी त्यांना उडवून लावलं.

*

आता नियमाचा किस्सा. तालमीच्या खोलीच्या दारावर माझ्याच अक्षरात लिहून चिकटवलेलं होतं, 'तीन तालमी चुकल्या की रोल गेला.'

तुरीच्या हंगामात अण्णांच्या चार चुकल्या. सगळे म्हणाले, "सीझन हाय, चालायचंच." चाललं.

मग रत्नमालाच्या तीन चुकल्या. फोन बंद. मी उभं राहून दारावरचा नियम मोठ्यानं वाचला. या वेळी कुणी काही बोललं नाही, अण्णाही नाहीत. रोल मंडळातल्याच गंगाला दिला.

आठवड्यानं कळलं, ती कलबुर्गीच्या दवाखान्यात आईजवळ होती. आई गेली. मी तिच्या घरी जायला हवं होतं, दोन गल्ल्या सोडून तर घर! गेलो नाही. नियम सगळ्यांना सारखा, असं स्वतःला सांगत बसलो. त्याची आजही लाज वाटते.

*

शेवटचा प्रयोग आमच्याच गावात, शाळेच्या मैदानावर. रत्नमाला आली आणि तिसऱ्या रांगेत बायकांमध्ये बसली.

निवाड्याचा सीन आला. अण्णांनी काठी उगारली आणि थांबले. वाक्य विसरले असं वाटून मी विंगेतून कुजबुजलो, "आजपासून तू गावाबाहेर!" पुन्हा कुजबुजलो.

"ऐकू आलंय, सर," अण्णा मोठ्यानं म्हणाले.

त्यांनी काठी खाली ठेवली. गंगाला तिथेच सोडून ते स्टेजच्या कडेला आले आणि तिसऱ्या रांगेकडे बघत म्हणाले, "पोरी, तुला इचारायचंच राहिलं. तुला काय सांगायचंय?"

रत्नमाला उभी राहिली. तिनं अण्णांकडे बघितलंच नाही. मी वही घेऊन उभा होतो, त्या विंगेकडे बघत म्हणाली,

"सर, आता कामून इचारायलाव?"