साडूंचा सायलेन्सर

आवाज कमी करण्याच्या नादात माझ्या थोरल्या साडूंनी जेवढा आवाज केला, तेवढा भिलाईतल्या सगळ्या भट्ट्यांनी मिळूनही केला नसेल. पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, दुर्गला भाजी आणायला जातात. यांनी दोघांपुरतं छोटं विमान बांधलं आणि त्याला जुन्या मोटारीचं रोटरी इंजिन बसवलं. त्यात पिस्टन नसतो, एक तिकोनी चकती गरगर फिरते. आकार लहान, ताकद भरपूर. फक्त धूर बाहेर पडतो तो असा कडाडत, की साडू पहिल्यांदा एकटे उडाले तेव्हा धावपट्टीशेजारच्या गावातल्या म्हशी दावी तोडून पळाल्या. गावकऱ्यांनी तक्रार केली आणि आवाज कमी होईपर्यंत उड्डाण बंद झालं.

साडूंना ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला, एकदा वरून भिलाई दाखवायची होती. जन्मभर आपण जिथे ड्युटी केली ती जागा बायकोने पाहावी, एवढीच इच्छा. त्यात डॉक्टरांनी सांगितलं, उडण्यासाठीचा यंदाचा दाखला शेवटचा. झालं, साडू सायलेन्सरच्या मागे हात धुऊन लागले. पहिला इंजिनच्या धगीने फाटला. दुसऱ्यात आवाज शोषायला भांडी घासायच्या तारेच्या घासण्या कोंबल्या, त्या पहिल्याच दणक्याला बाहेर उडाल्या आणि शेजारणीच्या वाळत्या कुरड्यांत तारा निघाल्या. मी सुचवलं, "भाऊजी, जामुलच्या वर्कशॉपमधून पातळ पत्र्याचा करून घ्या." ते भडकलेच.

"पतल्या पत्र्याले मी लोखंड म्हणत नाही, बापू. तो पापड होय."

अख्खा जन्म जाड प्लेटांत काढलेल्या माणसाचा पातळ वस्तूवर विश्वास बसत नाही, ही आम्हा प्लांटवाल्यांची खोडच आहे. शेवटी त्यांनी जाड प्लेटचा सायलेन्सर वेल्ड केला. तो उचलायला चौघे लागले, तेव्हाच मला घाम फुटला. इंजिन मात्र मांजरासारखं गुरगुरू लागलं.

"वजन पाह्यलं का?" मी विचारलं.

"तू आवाज पाह्य," ते म्हणाले.

ताई ठेवणीतली साडी नेसून, भीतीने डोळे मिटून बसल्या. विमान धावलं, धावत राहिलं. नाक जरा उचललं, परत बसलं. चाकं काही जमीन सोडेनात. धावपट्टी संपते तिथे मी उभा होतो. साडूंनी इंजिन मंद करून विमान वळवलं, तेव्हा ताईंचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"अवो, उडून राहिलो का आपण?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. इतका हरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"हो," ते म्हणाले. "पण डोळे उघडू नको. चक्कर येईल."

आणि ते पुन्हा दुसऱ्या टोकाकडे निघाले, ताईंना खालच्या भट्ट्या, चिमण्या, आपलं जुनं क्वार्टर सांगत. धावपट्टी खडबडीत, चाकं खडखडत होती. ताईंना ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. विमान परत माझ्यासमोर आलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेलेच होते, आणि त्या म्हणत होत्या, "हो ना. सगळं दिसून राहिलं."