तांदळानं गिळलेलं नाव

माझं नाव गर्ट्रूड. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

नाव आत्यानं ठेवलं. आम्ही शरणपूरचे ख्रिस्ती, पण बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं ही रीत आमच्या घरातही होती. आत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स. ती सांगायची, जुन्या जर्मन बोलीत ‘गेर’ म्हणजे भाला आणि ‘त्रूड’ म्हणजे बळ. या नावाची एक बाई तेराचौदाशे वर्षांपूर्वी होऊन गेली. राजाच्या मेजवानीत तिला विचारलं, या सरदाराच्या मुलाशी लग्न करतेस का? ती पोर भर पंगतीत भडकली आणि नाही म्हणाली. पुढे मागण्या येऊ नयेत म्हणून तिच्या आईनंच तिचे केस कापले. उंदरांपासून धान्य राख म्हणून तिकडचे शेतकरी तिचा धावा करायचे. नंतरची दुसरी एक मठात बसून लॅटिनमध्ये ग्रंथ लिहायची. “असल्या बायकांचं नाव आहे तुझं. लाजायचं नाही,” आत्या बजावायची.

आणि मी काय केलं? प्रेमात पडले आणि नाशिक रोडच्या एका हिंदू घरात सून म्हणून गेले. लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं आणि पेढे वाटले गेले. मला वाटलं, एका दिवसाची हौस आहे, होऊ दे. मूर्ख होते मी, दुसरं काय! वर्षभरात रेशनकार्डावर तेच, बँकेत तेच; जुनं नाव घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. “तुझं ते आमच्या जिभेला वळत नाही गं,” सासूबाई म्हणाल्या. वळत नाही! बाजारातल्या दुकानांच्या पाट्यांवरची इंग्रजी नावं बरी वळतात. धान्य राखणाऱ्या बाईचं नाव ताटभर तांदळानं गिळलं. ते नवं नाव मी इथे लिहिणार नाही. आत्या माझ्या दारात कधी आली नाही. मीही तिला बोलावलं नाही, आणि याचा राग मला सगळ्यात जास्त येतो.

गेल्या महिन्यात मुलाचं लग्न झालं. सासूबाई आता थकल्यात, पण लक्ष्मीपूजनाला ताट त्यांनीच मांडलं आणि माझ्या पुढ्यात सरकवलं. “आता तू सासू झालीस. सुनेसाठी नाव सांग.”

सून मान खाली घालून बसली होती. मीही अशीच बसले होते.

“तिला नाव आहे,” मी म्हणाले.

“अगं, रीत असते ती.”

माझं डोकंच फिरलं. मुलाच्या हातातली अंगठी मी हिसकावून घेतली आणि तांदळात आत्यानं ठेवलेलं माझं नाव लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली. “वाच,” मी मुलाला म्हणाले.

त्यानं अडखळत वाचलं. नवरा उठून खिडकीपाशी गेला.

मुलानं पुन्हा एकदा वाचलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, “आई, ही कोण?”