तीन दिवस पेन्सिलीत

ड्रॉइंग ऑफिसमधले किस्से कपाटातल्या जुन्या गुंडाळ्यांसारखे साचतात. एक ओढावी, तर दहा अंगावर पडतात! अंधेरीतल्या आमच्या पंपाच्या कारखान्यातल्या बहुतेक गुंडाळ्यांवर एकच सही सापडेल. आमचे हेड ड्राफ्ट्समन सावंत.

मालवणकडचे, पस्तिशीतले, अविवाहित. उमेदवारीत त्यांनी एक ड्रॉइंग घाईघाईत शाईत पक्कं केलं होतं. चाळीस पंप ओतून आले आणि पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती! तेव्हापासून त्यांचा नियम झाला. ड्रॉइंग तीन दिवस पेन्सिलीत राहणार, मगच शाई. "शाई खरवडताना कागद फाटता रे!" म्हणायचे.

*

हा नियम त्यांनी माणसांनाही लावला. माझ्या शेजारी बसणाऱ्या परबला मस्कतची नोकरी आली. सावंत म्हणाले, "डावीकडे काय मिळणार ते लिही, उजवीकडे काय सुटणार ते. तीन दिवस."

डावीकडे टीव्ही, फ्रिज, टेपरेकॉर्डर असं पान भरलं. तिसऱ्या दिवशी उजवीकडे एकच शब्द होता. 'बबली'. त्याची चार महिन्यांची मुलगी. परब गेला नाही. फ्रिज यायला पुढे पाच वर्षं लागली, तोही बबलीने स्टिकर लावून भरून टाकला.

*

मी एकदा मॅनेजरवर चिडून राजीनामा लिहिला. सावंतांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवायला लावला. तिसऱ्या दिवशी वाचला, तर मॅनेजरचं नाव सोडून बाकी सगळ्या शिव्या! माझी मलाच लाज वाटली. मागच्या कोऱ्या बाजूवर सावंतांनी गिअरचं स्केच काढून टाकलं.

*

नियम सगळीकडे चालायचा असं मात्र नाही. एका रविवारी आम्ही वर्सोव्याला मासळी घ्यायला गेलो. सावंत बोंबलांच्या वाट्यापुढे अर्धा तास उभे. शेवटी कोळीण वैतागली.

"दादूस, तीन दिस थांब, मंग ह्योच बोंबील सुका नेशील!"

*

आता मिस कर्णिक. आमच्या ट्रेसर. पेन्सिलीतलं ड्रॉइंग शाईने उतरवणं हे त्यांचं काम. उंचीने इतक्या लहान, की बोर्डापुढे पायाखाली पाट घेऊन उभ्या राहायच्या. तो पाट सावंतांनी स्वतः रंधा मारून आणला होता. दोन वर्षं सावंत त्यांच्याकडे बघत होते आणि दोन वर्षं बोलत नव्हते. बाई तरी किती वाट बघणार?

एका शुक्रवारी बातमी फुटली. मुलुंडचा मुलगा रविवारी कर्णिकांकडे बघायला येणार. परब म्हणाला, "सावंत, विचारा ना आता!"

"तीन दिवस दे."

"रविवार परवावर आलाय हो!"

सावंत पेन्सिलीला टोक काढू लागले. त्यांना नुकतीच दिंडोशीला सरकारी वसाहतीत खोली लागली होती. त्या खोलीतल्या स्वयंपाकघराचं ड्रॉइंग त्यांनी पेन्सिलीत काढून बोर्डाखाली ठेवलं होतं. एकट्या माणसाला इतकी मांडणी कशाला, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यांच्याकडे बघून फार वाईट वाटायचं.

त्या संध्याकाळी परबने तो कागद गुपचूप ट्रेसिंगच्या गठ्ठ्यात सरकवला. गठ्ठ्यात आलं ते शाईत उतरायचं, ही आमची पद्धत.

शनिवारी सुटायच्या वेळी मिस कर्णिक तपासणीला ट्रेसिंग घेऊन आल्या. सावंतांनी वरचा कागद उचलला आणि कानापर्यंत लाल झाले. त्यांचंच स्वयंपाकघर, काळ्याभोर शाईत, खाली बाईंची सही! पण हेड ड्राफ्ट्समनची नजर ती. बोट एका आकड्यावर थांबलं.

"मिस कर्णिक, ओट्याची उंची अडीच फूट कशी? मी तीन फूट काढली होती."

ऑफिसात एकाचीही पेन्सिल चालत नव्हती.

बाई मान खाली घालून म्हणाल्या, "तीन फुटांवर माझा हात पोचत नाही."