मारुतीला सांगून बंद केलेलं चॅनल

एकदा मी मारुतीला नवस बोलले होते, की देवा, आमच्या गावातलं ते मारामारीचं चॅनल बंद होऊ दे, मी दर शनिवारी अळणी जेवीन. व्रतवैकल्यं मला नवी नाहीत, पण टीव्हीसाठी बोललेला हा पहिलाच नवस! तेव्हापासून आमच्या अड्याळच्या भजन मंडळात किस्से इतके साचलेत, की शनिवारी टाळांची पिशवी उघडावी तर टाळांच्या आधी किस्सेच बाहेर पडतात.

सुरुवात आमच्या ह्यांच्या पाठीपासून झाली.

ह्यांचं बाजार ओळीत साड्यांचं दुकान. दुपारी जेवायला घरी आले की टीव्ही लावायचा. एक दिवस जाळीच्या पिंजऱ्यात दोन धिप्पाड गडी एकमेकांना लोळवत होते. लाथा, बुक्क्या, कुस्ती, सगळंच! "याले एमएमए म्हणतात," ह्यांनी मला शिकवलं. त्यातला एक पेच ह्यांना फार आवडला. मी पोळी आणायला आत गेले, तेवढ्यात ह्यांनी तो गादीवरच्या लोडावर करून पाहिला.

लोडाला काही झालं नाही. हे मात्र उठेनात!

चार दिवस दुकान भाच्यानं सांभाळलं. गिऱ्हाइकं विचारायची, "शेठ कुठं पडले जी?" भाचा खरं बोलणारा. म्हणायचा, "मॅचमध्ये!"

त्याच शनिवारी मी नवस बोलले.

*

नवसाच्या जोडीला माणसानं हातपायही हलवावेत, म्हणून मी मंडळात विषय काढला. आमच्या अध्यक्ष गभणे काकू, शाळेतून रिटायर झालेल्या. अर्ध्या गावाला त्यांनीच बाराखडी शिकवलेली. त्या म्हणाल्या, "आधी पाहू. न पाहता बोलणं बरं नाही."

आम्ही सगळ्या आमच्याच घरी पाहायला बसलो. मग एकीनं विचारलं, "पिंजरा कायले लावला व?"

"पळून नोको जायले म्हणून," दुसरी म्हणाली.

"माय व! अन् ह्याइचे मायबाप कुठं आहेत?"

गभणे काकूंनी टीव्ही बंद केला. पाहून झालं होतं.

तशाच उठून आम्ही दिनेश केबलवाल्याकडे गेलो. तो बिचारा समोसा खात होता. म्हणाला, "काकू, सिरियलमध्ये सासू सुनेच्या दुधात विष टाकते, ते तुम्ही रोज पाहता. हे तर निदान समोरासमोर मारून राहिले!"

गभणे काकू एवढंच म्हणाल्या, "दिनेश, उभा राहून बोल."

दिनेश उभा राहिला. चॅनल बंद झालं. भंडारा अन् गोंदिया जिल्हे वेगळे झाले तेव्हाही आमच्या ओळीत एवढी चर्चा झाली नव्हती!

*

नवस फळला म्हणून मी पहिलं अळणी जेवण वाढून घेतलं. माझ्यासाठी वेगळं रांधायला नको म्हणून वरणात कोणालाच मीठ नव्हतं. हे पाठ धरून ताटावर बसले, एक घास घेतला आणि म्हणाले, "नवस तुझा, अन् उपास माझा!"

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे वडील तालमीतले. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"कोणत्या देवाले बोलली व तू?"

"मारुतीले."

"तालमीत कोणाचा फोटो असते?"

"मारुतीचाच."

"कुस्तीच्या देवाले कुस्ती बंद कर म्हणून सांगून आली! त्याले काय वाटलं असंल?"

मी म्हटलं, "आई, ही कुस्ती नाही, मारामारी आहे. लेकरं पाहतात."

"लेकराइले पूर्ण पाहू द्या नं. शेवटी ते दोघं एकमेकाच्या गळ्यात पडतात. तुमच्या सिरियलमधल्या सासवा-सुना कधी पडल्या?"



*

आता माझी चेतना. एकच लेक, नागपूरला खेळाच्या कॉलेजात. ज्युडो शिकते, एवढं आम्हाला माहीत. पांढरे कपडे घालतात, आधी वाकून नमस्कार करतात, मला तर फार संस्कारी खेळ वाटायचा!

चॅनल बंद होऊन महिना झाला असेल, तिचा फोन आला.

"आई! रविवारी माझी मॅच टीव्हीवर दाखवून राहिले!"

"ज्युडोची?"

"नाही व. एमएमएची."

"ते काय असते?" मी उगाच विचारलं.

"बाबाची पाठ धरली होती नं, ते!"

ती पुढं बोलतच होती. "आई, पहिलीच मोठी मॅच आहे. मले भीती वाटून राहिली. तू पाहून राहिली एवढं माहीत असलं की धीर येईल. पाहशील नं?"

"पाहीन," मी म्हटलं.

आणि चॅनल तर मीच बंद करून बसलेली! आमच्या गावात मोबाईलवर धड मिस्ड कॉल येत नाहीत, मॅच कुठली दिसणार!

*

धावत सासूबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "नवस फिरवता येत नाही. पण देवाले समजावून सांगता येते."

मारुतीपुढे उभी राहिले. म्हटलं, "देवा, तेवढा रविवार सोड. मंगळवारीही अळणी जेवते."

हे ऐकून आमचे हे म्हणाले, "अजून एक पोरगी असती तर आपण मिठाची चवच विसरलो असतो!"

देव समजूतदार आहे. दिनेश मात्र घाबरट. "काकू, मी लावतो. पण गभणे काकूले तुम्हीच सांगा. मले पुन्हा उभं राहायचं नाही!"

गभणे काकूंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. "आपली चेतना? जिच्या पाटीवर मी 'ग' गिरवून घेतला ती?"

"हो जी."

"जिंकून राहिली का?"

"काकू, मॅच व्हायची आहे अजून."

काकूंनी चष्मा पुन्हा चढवला. "ठीक आहे. एकच दिवस लावू. पण आवाज बंद. मारल्याचा आवाज लेकराइच्या कानावर पडायले नोको. अन् आपण सगळ्या तिथं भजन करू."

*

रविवारी दिवेलागणीला अख्खं मंडळ आमच्या घरी. देवापुढे समई, तिच्या शेजारी टीव्ही. चेतना पिंजऱ्यात आली. आधी खाली वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला. आम्ही भजन सुरू केलं.

मी डोळे मिटून घेतले. टाळ वाजत होते, मी रामनाम घेत होते. थोड्या वेळानं टाळांची लय वाढली. मग फारच वाढली. मला कळलं, तिकडे काहीतरी चाललंय. मी डोळे आणखी घट्ट मिटले.

तेवढ्यात सासूबाईंनी माझा पदर ओढला. "डोळे उघड. पोरीनं तुले पाह्यले सांगितलं, जप करायले नाही!"

उघडले. समोरच्या पोरीनं चेतनाची मान काखेत धरली होती. आणि एकदम टाळ खाली आपटल्याचा आवाज आला. गभणे काकू उभ्या!

"चेतू! हात आत घाल! आत घाल म्हणते नं! अन् फिर, फिर तिकडून!"

चेतना फिरली. मान सुटली!

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, आवाज बंद ठेवायचा होता नं जी?"

शेवटी पंचानं हात त्या दुसऱ्या पोरीचा वर केला. चेतनानं तिला मिठी मारली, आणि तिच्या नाकातून रक्त येत होतं ते आपल्या टॉवेलनं टिपलं.

दिनेशचा तो एक दिवस अजून संपलेला नाही. चॅनल चालूच आहे.

*

थोड्या वेळानं फोन आला.

"आई, पाहिलं?"

"पाहिलं. मान दुखते का?"

"नाही व. हारले मी."

"पाहिलं तेही. त्या पोरीचं नाक कसं आहे?"

"बरं आहे. आई, तिची आई आली होती. पण आत यायची हिंमतच झाली नाही तिची. मॅच संपेपर्यंत बाहेर डोळे मिटून बसली होती म्हणे."

पुढच्या शनिवारी मी देवळात दोन नारळ घेऊन गेले. गभणे काकूंनी विचारलं, "एक चेतूच्या मानेचा. दुसरा कशाचा?"

"त्या दुसऱ्या पोरीच्या नाकाचा," मी म्हटलं.

काकूंनी तो आपल्या हातानं फोडला.

पुढच्या महिन्यात चेतनाची पुन्हा मॅच आहे, पुन्हा त्याच पोरीशी. तुमच्या गावात मारुती असेलच. जाता-येता तुम्हीही एक नारळ बोला. फक्त बोलताना दोघींसाठी बोला. मीठ सोडायची गरज नाही, ते मी सोडलेलं आहे.