लाईन आल्याबरोबर

माझ्या हातून चूक निसटत नाही, हे मी फुशारकीनं सांगते आणि त्याची लाज वाटत नाही. शेतातला पंप आपोआप चालू-बंद करणारा डबा आमची कंपनी बनवते. त्याच्या आतलं कर्नल माझ्याकडे आहे. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला मुकादम; कोणतं काम केव्हा व्हायचं ते तो ठरवतो. दोन महिन्यांपूर्वी मी पुणं सोडून दिग्रसला घरी आले, इथूनच काम करायचं म्हणून. नेमके तेव्हाच महागावकडे नवे बसवलेले आमचे डबे लाईन, म्हणजे वीज, आली की मधूनमधून गोठायला लागले; पंप काही चालू होईना. पुण्याच्या ऑफिसात मात्र एकही गोठेना. शेवटी साहेबांनी फोनवर सुनावलं, "शुक्रवारपर्यंत सापडलं नाही तर पुण्याला परत यावं लागेल. असली कामं गावात बसून होत नाहीत."

"इथंच होतील," मी म्हटलं.

वेळेची चूक मोठी लबाड असते. तिला पकडायला मी कर्नलमध्ये एक ओळ घातली, 'इथवर आलो' एवढंच छापणारी. झालं, डबे गोठायचेच थांबले. ओळ काढली की पुन्हा सुरू. साहेब म्हणाले, मग राहू दे ना ती ओळ! माझं डोकंच सणकलं. दुखणं कुठलं ते न कळता गोळी चालू ठेवायची? मी ती ओळ त्याच दिवशी काढून टाकली.

खटकत होता तो आमच्याच शेतातला, मी आल्यावर बसवलेला डबा. बाबा त्यावर हरभऱ्याचं ओलीत करत होते आणि तो गोठल्याची तक्रार कधीच नोंदलेली नव्हती. कर्नल तेच, लाईनही तसलीच. बुधवारी लाईन यायच्या वेळेला मी बांधावर जाऊन बसले.

लाईन आली. आजूबाजूच्या मोटरा एका दमात सुरू झाल्या. आमचा डबा बंदच, कारण बाबांनी त्याचा खटका आधीच पाडून ठेवला होता. शेजारच्या मोटरीचा आवाज एकसारखा होईपर्यंत ते नुसते उभे राहिले, मग खटका वर केला.

"बाबा, खटका कायले पाडता? तो आपोआप चालू होते न."

"लाईन आल्याबरोबर सारेच मोटरा टाकतेत. व्होल्टेज नाचते. जरा दम धरा लागते."

गुरुवारी मी खटका वरच ठेवायला लावला. लाईन आली, व्होल्टेज नाचलं आणि डबा गपकन गोठला. मी बांधावर उडीच मारली. बाबांचा चेहरा मात्र पडला.

पुढचं काम दुपारपर्यंतचं होतं. व्होल्टेज हललं की कर्नलला हाक जाते. ती हाक ऐकणाऱ्याची तयारी पुरी व्हायच्या आधीच हाक सुरू करून ठेवली होती. माझी छापणारी ओळ काय आणि बाबांचा खटका काय, दोघंही तेवढा दम धरत होते, म्हणून चूक दिसत नव्हती. एक ओळ चार ओळी खाली सरकवली. शुक्रवारी बाबांनी मेन स्विच खालीवर करकरून हवं तितकं व्होल्टेज नाचवलं. डबा हूं की चूं करेना.

चुकीनं वर लिहिलेली ती ओळ माझीच होती, दोन वर्षांपूर्वी पुण्यात लिहिलेली, जिथं लाईन कधी जात नाही आणि आली तर नाचत नाही. साहेबांना तसंच लिहून पाठवलं: चूक माझी, सापडली दिग्रसला. संध्याकाळी उत्तर आलं, तिथंच राहा.

बाबांना ते उत्तर वाचून दाखवलं. ते हळूच म्हणाले, "पयल्याच दिवशी बंद पडलता तो."

"मंग सांगतलं काहून नाही? दोन महिने मी तेच शोधून राह्यली!"

"तुया डबा खराब निंगाला असता त तुले पुन्याले वापस नेलं असतं न."

मला राग आला, आणि रडूही. प्रत्येक डब्याच्या नोंदी मी तारीखवार तपासल्या होत्या. बाबांना एकदाही विचारलं नव्हतं.